मुक्या ओठांचा शिल्पकार

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चार मित्रांनी एक छोटेसे चलच्चित्र तयार करायचे ठरविले होते. संगणकावर काढलेली एक म्हातारी पडवीत बसली आहे आणि उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगते आहे, एवढीच कल्पना. आवाज माझ्या आजीचा. कापड्याच्या आमच्या घरी एका संध्याकाळी मी तो मोबाईलवर मुद्रित करून घेतला. आजीला अक्षरओळख नाही. पण तानाजी हा आमच्याच मुलखातला माणूस, त्यामुळे त्याची गोष्ट ती घरातल्या कुणा वडीलधाऱ्याची सांगावी तशी सांगते. आवाज ऐकून बाहुल्यांचे ओठ आपोआप हलविणारी अनेक साधने आज संगणकावर मिळतात. त्यांपैकी एक आम्ही घाईघाईने निवडले. ते फुकट होते आणि त्याच्या जाहिरातीतली बाहुली फार छान बोलत होती, याखेरीज आम्ही काहीही पाहिले नाही.

संमेलनाच्या आधीच्या रविवारी मी ते चित्र घरी दाखविले. सगळ्यांनी कौतुक केले. आजी तर आपलाच आवाज ऐकून लाजली. गप्प होता तो फक्त माझा चुलतभाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ, गाल, भुवया पाहून तो बोलणे ओळखतो, आणि आजीचे बोलणे तर त्याला घरात सर्वांत चांगले कळते. त्याने मला खुणेने विचारले की ही म्हातारी काय चघळते आहे. मी पुन्हा चित्र लावले आणि या वेळी आवाज बंद करून पाहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ‘मालुसरे’ म्हणतानासुद्धा त्या म्हातारीचे ओठ एकदाही मिटत नव्हते. आम्हा ऐकणाऱ्यांना आवाज सांभाळून घेत होता. त्याला सांभाळून घेणारे काहीच नव्हते. ते चित्र आम्ही संमेलनात दाखविले नाही.

त्यानंतर सुट्टीत दादासाहेब फाळके यांचे चरित्र माझ्या वाचनात आले. तोपर्यंत फाळके हे नाव मला केवळ एका मोठ्या पुरस्काराचे नाव म्हणून माहीत होते. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर न बोलणाऱ्या चेहऱ्यांकडून गोष्टी सांगविल्या, आणि उतारवयात ज्याला त्या मुक्या ओठांवर आवाज बसवावा लागला, तो माणूस आमच्या फसलेल्या उद्योगाच्या किती जवळचा आहे, हे वाचता वाचता ध्यानी आले. त्यांचा जीवनपट वाचकांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घराणे भिक्षुकीचे, आणि मुलाने तीच परंपरा चालवावी अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु मुलाचा ओढा चित्रांकडे, नाटकाकडे आणि जादूकडे होता. वडिलांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायालेखन, मुद्रण अशा कितीतरी विद्यांत हात घातला.

यानंतरची पंधरा-वीस वर्षे पाहिली तर हा माणूस कुठेही स्थिर होत नाही असे वाटते. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला, तर प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. बडोद्यास पुन्हा तोच व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातले चैतन्य ओढून घेतो अशी लोकांत भीती होती, म्हणून गिऱ्हाईक येईना. त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच पुढे चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झालेल्या सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, पण तीही त्यांनी काही वर्षांत सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या देवदेवतांच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम केले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपास आला आणि भागीदारांशी मतभेद होऊन १९११ मध्ये त्यांनी तोही सोडला.

आमच्यासारख्या घरांत असा मुलगा असता तर त्याला धरसोड्या म्हटले असते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला एक वाट धरून नोकरीपर्यंत पोचायचे असते. परंतु दादासाहेबांच्या या साऱ्या उद्योगांना जोडणारा एक धागा आहे, तो म्हणजे माणसाचा चेहरा. चित्रकार चेहरा रेखाटतो, छायालेखक तो टिपतो, छापखाना तो घरोघर पोचवितो, नाटकातला नट तो बदलतो आणि जादूगार प्रेक्षकाच्या डोळ्यांना आपल्याला हवे तिकडे वळवितो. या सर्व विद्या हाती आल्या होत्या. त्या चेहऱ्यात हालचाल तेवढी यायची राहिली होती.

ती संधी १९११च्या सुमारास आली. गिरगावातल्या एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. मनात येताच त्यांनी कंपनी काढली नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ते पुन्हा पुन्हा चित्रपट पाहत राहिले, पुस्तके मिळवून वाचीत राहिले, लहानसहान उपकरणांवर रात्री जागून प्रयोग करीत राहिले. या जागरणांनी डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत येताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये इंग्लंडची बोट धरली.

लंडनमध्ये त्यांची कुणाशीही ओळख नव्हती. ‘बायोस्कोप’ नावाचे चित्रपटविषयक साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत, म्हणून ते थेट त्याच्या संपादकांकडे गेले. हिंदुस्थानात हा धंदा चालणार नाही, असे सांगून संपादकांनी प्रथम त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण पाहुण्याची चिकाटी पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या वॉल्टन येथील स्टुडिओत दादासाहेबांनी चित्रपटाची प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहिली, आणि जाणकारांचा सल्ला घेऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा निवडला. १ एप्रिल १९१२ रोजी ते परतले तेव्हा त्यांच्यापाशी यंत्र होते आणि ते यंत्र का निवडले याचे उत्तरही होते.

परतल्यावरही थेट मोठा चित्रपट नाही. पैसे देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचे रोप महिनाभर थोडे थोडे टिपले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वर आला आणि वेल वाढू लागला. एकेक चौकट टिपून निर्जीवाला किंवा अचलाला चालविण्याची जी विद्या आज संगणकावर चालते, तिचे मराठी माणसाच्या हातून झालेले हे पहिलेवहिले पाऊल म्हणावयास हरकत नाही. पुढे १९१५च्या सुमारास त्यांनी आगकाड्यांना हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही केला. ज्यांना डोळे नाहीत, ओठ नाहीत अशा काड्या केवळ हालचालीने प्रेक्षकांना रिझवितात, हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला.

त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’. दादरच्या राहत्या घराचाच कारखाना झाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधाऱ्या खोलीत बसून फितीच्या कडेला छिद्रे पाडली, ती धुतली, रसायने कालविली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतविला आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार होईना, तेव्हा एका उपाहारगृहातला अण्णा साळुंके हा नाजूक अंगलटीचा तरुण तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला आणि भारतीय कथापटाचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली आणि पडद्यावर प्रथमच भारतीय स्त्री आली.

येथे जरा थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मूकपटात नट ओठ हलवीत, पण शब्द ऐकू येत नसत. संवाद आणि कथासूत्र मधूनमधून पाट्यांवर लिहून येई. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या हिंदी व इंग्रजीत होत्या. त्या काळी वाचता येणारे लोक किती थोडे होते! माझ्या आजीसारख्या प्रेक्षकाला ती पाटी म्हणजे काळ्यावर पांढरे एवढेच. अशा प्रेक्षकाला तारामतीचे दुःख कळायचे ते चेहऱ्यावरूनच. म्हणून दादासाहेबांना मुद्राभिनयाकडे फार लक्ष द्यावे लागले. ‘लंकादहन’ या १९१७च्या चित्रपटात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. चेहरा एकच, ओठ तेच. पण नजर, मान आणि चाल बदलली की माणूस बदलतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे १९१९चा ‘कालियामर्दन’. त्यात दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या आरंभी कथा सुरूच होत नाही. पडद्यावर फक्त त्या लहान मुलीचा चेहरा येतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. मग ती कृष्ण होते. जणू दादासाहेब प्रेक्षकांना आधी हा चेहरा वाचायला शिकवितात आणि मगच गोष्ट सांगू लागतात. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने आजही पाहावयास मिळतो. मी तो मोबाईलवर आजी आणि चुलतभाऊ यांना शेजारी शेजारी बसवून दाखविला. पाट्या आजीला वाचता आल्या नाहीत, आणि भावाला आवाजाची गरजच नव्हती. दोघेही एकाच ठिकाणी हसले. मूकपटाच्या प्रेक्षकांत ऐकू येणारा आणि न येणारा असा भेदच नव्हता, हे मला त्या दिवशी उमगले.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ यांना उदंड यश लाभले. परंतु हिशेबी भागीदार आणि मनस्वी कलावंत यांचे जमले नाही. दादासाहेब कंपनी सोडून कुटुंबासह काशीस जाऊन राहिले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास ते परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले. मात्र पूर्वीची बहर परत आली नाही. लोकांची आवड बदलली होती आणि नव्या दमाच्या कंपन्या पुढे आल्या होत्या.

अशा वेळी १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. दैवयोग असा की त्याची कथाही हरिश्चंद्राचीच होती. ज्या राजाला दादासाहेबांनी मुक्याने उभे केले होते, तो आता दुसऱ्यांच्या स्टुडिओत बोलू लागला.

दादासाहेबांच्या हाती त्या वेळी ‘सेतुबंधन’ हा मूकपट होता. पैशाच्या अडचणींनी तो रखडला होता, आणि पुरा होईपर्यंत मूकपटाचे गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा सुमारे चाळीस हजार रुपये खर्चून त्यावर हिंदी आवाज चढविण्यात आला आणि १९३४ मध्ये तो बोलपट म्हणून बाहेर पडला. यातली अवघड गोष्ट आमच्यासारख्या ठेच खाल्लेल्यालाच कळेल. मूकपटाचा नट बोलताना शब्द ऐकू जाणार आहेत असे धरून बोललेला नसतो. चित्र तर टिपून झालेले, ते बदलता येत नाही. मग ओठ उघडतील तेव्हा उघडणारा आणि मिटतील तेव्हा मिटणारा शब्द शोधून तो त्याच वेळात म्हणावा लागतो. आवाज ओठांच्या मागून धावतो. बोलावयाचे म्हणून जे टिपलेच नव्हते त्याला बोलके करणे, ही तडजोड होती.

आपल्या हयातीत दादासाहेबांनी बोलपट म्हणून उभारलेला एकच चित्रपट केला, तो ‘गंगावतरण’. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला हा चित्रपट १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी दादासाहेब ६७ वर्षांचे होते. येथे आवाज आणि चेहरा एकाच वेळी टिपले गेले. नट आपल्याच ओठांनी बोलला. परंतु वय आणि प्रकृती साथ देत नव्हती. हाच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ते नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांनी जगाचा निरोप घेतला. सुमारे शंभर चित्रपट काढणाऱ्या या माणसाचे जाणे त्या झगमगत्या दुनियेला फारसे जाणवलेही नाही. भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू केला.

मित्रहो, हे चरित्र वाचून झाल्यावर आम्ही आमच्या म्हातारीकडे पुन्हा वळलो. साधन निवडण्यापूर्वी काय विचारावयाचे, हे आता आम्हांला कळले होते. एक वाट आवाजावरून ओठ हलविण्याची. अशी साधने आवाजाचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला तोंडाचा एक ठरलेला आकार देतात. यातली काही इंग्रजी शब्द ओळखू पाहतात, त्यामुळे मराठी ऐकली की गोंधळतात. ‘ऱ्हुबार्ब लिप सिंक’ या विनामूल्य साधनात मात्र शब्दांऐवजी केवळ ध्वनी ओळखण्याची सोय आहे, म्हणजे इंग्रजीखेरीज अन्य भाषांनाही ते लावता येते. त्यात तोंडाचे मूळ आकार सहा असून आणखी तीन हवे तर जोडता येतात. दुसरी वाट कॅमेऱ्यापुढे माणूस बसवून त्याचाच चेहरा बाहुलीवर उतरविण्याची. ॲपलच्या फोनांतील एका व्यवस्थेत चेहऱ्याच्या ५२ हालचाली मोजल्या जातात. यात डोळे आणि भुवयाही येतात. पहिली वाट ‘सेतुबंधन’च्या उलट दिशेची, कारण येथे ओठ आवाजामागून धावतात. दुसरी ‘गंगावतरण’ची. तो फोन आमच्यापैकी कोणापाशीच नाही, म्हणून आम्ही पहिली धरली.

पण यंत्राने काढलेले आकार जसेच्या तसे स्वीकारायचे नाहीत, हे आम्ही ठरविले. पहिलीत असताना गुरुजींनी घोकून घेतलेली वर्णमाला येथे उपयोगी पडली. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे. त्यांच्या वेळी ओठ मिटलेच पाहिजेत. ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. ‘उ’ आणि ‘ओ’ला ओठ गोल होतात. ‘क’ आणि ‘ग’ घशात होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत, तेथे उगाच तोंड हलवायचे नाही. आपल्या पूर्वजांनी मुखातल्या जागेप्रमाणे अक्षरे लावून ठेवली आहेत, ती ओठ जुळविणाऱ्याची आयती यादीच आहे. शिवाय प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. त्यांतले कोणते, हे माझा भाऊ पुढच्यामागच्या शब्दांवरून आणि डोळ्यांच्या भावांवरून ठरवितो. म्हणून ओठ बिनचूक झाले तरी भुवया मेल्यासारख्या राहिल्या तर त्याला अर्धेच कळेल. भुवया आणि डोळे आम्ही हाताने, चौकटीमागून चौकट हलवितो आहोत.

दादासाहेबांनी आधी वाटाण्याचे रोप केले, मग हरिश्चंद्र केला. आम्हीही अख्खी गोष्ट बाजूला ठेवून फक्त दहा सेकंदांचा एक तुकडा केला आहे. त्यात आजी तानाजीचे आणि त्याच्या गावाचे नाव घेते, एवढेच. येत्या शनिवारी मी एस.टी.ने कापड्याला जाईन तेव्हा तो आवाज बंद करून चुलतभावाला दाखवीन. त्याने उमरठच्या दिशेला हात केला तर पुढचे काम सुरू होईल. नाही केला, तर तो तुकडा पुन्हा करू.